स्किल लॅबमध्ये आधी वापराची वही मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैद्यकीय महाविद्यालयांत ‘स्किल लॅब’, म्हणजे रुग्णाला हात लावण्याआधी सराव करण्याची प्रयोगशाळा, सुरू झाल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. फोटोत पाहुणे, फीत आणि मागे खाटेवर एक कोरे करकरीत मॅनिकिन, म्हणजे सरावासाठीचा माणसासारखा पुतळा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२० च्या किमान निकषांत दरवर्षी १५० विद्यार्थी घेणाऱ्या महाविद्यालयाला निदान ६०० चौरस मीटरची लॅब सांगितली होती. शिवाय नकली रुग्ण तपासायला चार खोल्या, चित्रीकरणाची सोय आणि नंतर चर्चेला बसायला जागा हवी होती. निकष चांगलेच होते. पण जागा आणि वस्तू मोजणे सोपे असते, म्हणून तेवढेच मोजले जाते. वापराचे काय, हा प्रश्न तसाच राहतो.

हृदय बंद पडलेल्या रुग्णाची छाती दाबण्याच्या सरावाचेच घ्या. वेग मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसात खोली ५ ते ६ सेंटिमीटर. १५० जणांनी प्रत्येकी दोन मिनिटे दाबले, तरी एका फेरीत तीस हजारांवर दाब एकाच स्प्रिंगवर पडतात. स्प्रिंग नरम पडली की कमी जोरातच ५ सेंटिमीटर गाठले जातात, हिरवा दिवा लागतो आणि चुकीचा जोर ‘बरोबर’ म्हणून हातात बसतो. पुरेसे दाबले की ‘टक्’ आवाज करणाऱ्या मॅनिकिनची खोड वेगळी. विद्यार्थी त्या आवाजासाठी दाबतो आणि छातीवर रेलून राहतो. छाती पूर्ण वर आली नाही तर हृदयात रक्त परत नीट भरत नाही, मग पुढचा दाब वाया. त्यात सराव फरशीवर होतो आणि खरा रुग्ण फोमच्या गादीवर असतो, जिथे छातीआधी गादीच दबते. म्हणून निदान एक फेरी वॉर्डातल्या खाटेवर, पाठीखाली फळी सरकवून घ्यावी.

ही साधने नाजूकही असतात. सलाईन लावायच्या सरावासाठीच्या नकली हातात रक्त म्हणून भरलेले रंगीत पाणी तसेच ठेवले की नळीत बुरशी धरते. सराव संपताच साध्या पाण्याने नळी धुऊन सिरिंजने हवा सोडून ती कोरडी करावी लागते. श्वासनलिकेच्या मॉडेलमध्ये कोरडी ट्यूब घुसवली तर आतले अस्तर फाटते. वंगण उत्पादकाने सांगितलेलेच वापरावे, व्हॅसलीन चालत नाही. आणि मॅनिकिन कधीही वर्तमानपत्रात गुंडाळू नये, छपाईची शाई त्याच्या कातडीत उतरते ती निघत नाही. (आपल्या अंकाचा एवढा टिकाऊ ठसा दुसरीकडे कुठे उमटत नसेल!) ही कामे करायला तंत्रज्ञ लागतो. नुसती शिपायाकडे किल्ली देऊन भागत नाही.

खरे शिकणे मात्र मॅनिकिनपाशी होत नाही, ते नंतरच्या चर्चेत होते. सहा जणांचा गट, पाच मिनिटे ओळख, दहा मिनिटांचा प्रसंग (समजा, प्रसूतीनंतर वार पडली आणि रक्त थांबत नाही) आणि मग पंचवीस मिनिटे चर्चा. गर्भाशय आवळून रक्त थांबवणारे ऑक्सिटोसिन किती मिनिटांनी दिले, मदतीला हाक कोणी मारली, गर्भाशय चोळणारा हात मध्येच का थांबला? वेळ अपुरा पडला की आधी कात्री लागते ती चर्चेलाच. शिवाय ‘तू चुकलास’ या सुरात ती झाली तर पुढच्या वेळी कोणी पुढेच येत नाही. १५० विद्यार्थ्यांचे २५ गट होतात. मधली मांडामांड धरून प्रत्येकी ५० मिनिटे, म्हणजे एकाच प्रसंगासाठी एका शिक्षकाचे सुमारे २१ तास. हे तास वेळापत्रकात कुठे आहेत, ते दाखवायला सांगावे.

महागड्या यंत्राशिवायही बरेच साधते. माणसाला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवण्याची पद्धत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये अमेरिकेत सुरू केली. आपल्याकडे तिची गरज दुप्पट आहे. शासकीय महाविद्यालयांत १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, त्यांतल्या अनेकांना मराठी येत नाही. पायाभरणी अभ्यासक्रमात स्थानिक भाषेचे तास आहेत खरे, पण तिथे ‘नाव काय, गाव कोणते’ यापुढे फारसे जाता येत नाही. परदेशी मॅनिकिन इंग्रजीत कण्हते. ‘कसनुसं होतंय’, ‘पोटात गोळा येतो’, ‘अंगावरून पांढरं जातं’, ‘चमक भरली’ हे त्याच्या तोंडून कधीच निघणार नाही. ‘कसनुसं’ म्हणजे मळमळ, घाबरल्यासारखे होणे की हृदयविकाराची सुरुवात, हे उलटे प्रश्न विचारूनच कळते. राज्य नाट्य स्पर्धा गाजवणारे हौशी कलाकार प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांना मानधन द्यावे, लक्षणांची पक्की संहिता द्यावी आणि ती प्रत्येक विद्यार्थ्यासमोर तशीच बोलण्याची तालीम घ्यावी. पदरचे संवाद घातले की परीक्षा सर्वांना सारखी राहत नाही, आणि हौशी नटांना तो मोह होतोच.

संशोधनाबाबत थोडेसे. एका गटाला सिम्युलेशन (असा नकली प्रसंगावरचा सराव) आणि दुसऱ्याला काहीच नाही, अशी तुलना केली तर सिम्युलेशन जिंकणारच. तेवढाच वेळ दुसऱ्या पद्धतीने शिकवलेल्या गटाशी तुलना हवी, आणि चाचणी त्याच दुपारी न घेता तीन ते सहा महिन्यांनी घ्यायला हवी, कारण पुनरुज्जीवनाची कौशल्ये तेवढ्यात विरू लागतात. रुग्णाला फायदा झाला का, हेही बघता येते. ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयात बाळाचा खांदा अडकण्याच्या प्रसंगाचा सर्व कर्मचाऱ्यांकडून मॅनिकिनवर सराव करून घेतला. त्यानंतर अशा प्रसूतींत बाळाला इजा होण्याचे प्रमाण ९.३ वरून २.३ टक्क्यांवर आले, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ही आधीच्या व नंतरच्या काळाची तुलना आहे, हे ध्यानात ठेवूनही आकडा बोलका आहे.

असा सराव लेबर रूममध्येच घेतला तर आणखी एक लाभ होतो. ऑक्सिजन सिलिंडरची चावी जागेवर नाही, घशात बघून श्वासनळी घालायच्या लॅरिंगोस्कोपची बॅटरी उतरली आहे, गरोदरपणातल्या झटक्यांवरचे मॅग्नेशियम सल्फेट कुलपात आहे, हे सगळे रुग्ण नसताना कळते. पथ्य एकच, पण कडक. सरावाची औषधे आणि सलाईन मोजून आणावे, मोजून परत न्यावे, प्रत्येकावर ठळक ‘फक्त सरावासाठी’ लिहावे. अमेरिकेत २०१४ च्या अखेरीस सरावाचे, निर्जंतुक नसलेले सलाईन अनेक खऱ्या रुग्णांना चढवले गेले होते.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. मॅनिकिनच्या निविदेतच तीन वर्षांच्या फुप्फुस-पिशव्या, स्प्रिंगा, कातडी आणि शिरांच्या नळ्या धराव्यात. लॅबला पूर्णवेळ तंत्रज्ञाचे पद मंजूर व्हावे. आणि तपासणी पथकाने यादीवर खुणा करण्याआधी वापराची वही मागावी. तारीख, प्रसंग, गटातली मुले, चर्चेची मिनिटे, बदललेला भाग, एवढे पाच रकाने त्यात पुरेत.

कळावे,
वैद्यकीय शिक्षणातील काही अध्यापक, पुणे