आधी डोकं, मग हृदय

रामबाग, इंदूर

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

काल "बाबा, मी आईशी भांडलो, माझ्यामुळेच तिला हे झालं" म्हणून तू फोन ठेवलास. आई शेजारीच होती, मला मोकळं बोलता आलं नाही.

त्या सकाळी ती कीस करायला भुट्टे किसत होती. किसणी हातातून सुटली, दोन्ही हातांनी मान मागून घट्ट धरली आणि म्हणाली, "अहो, डोक्यात काहीतरी फुटलं." मग उलटी, घाम, धाप, छातीत जडपणा. रिक्षातून उतरल्यापासून मी सगळ्यांना छातीचंच सांगत सुटलो. डोक्याचं सांगायचं राहून गेलं. ईसीजी बिघडलेला, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते) वाढलेलं. हार्ट अटॅक समजून रक्त पातळ करायची औषधं द्यायची तयारी झाली होती. तेवढ्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिची मान उचलून पाहिली. ताठ होती. "काका, आधी डोकं दुखलं का?" सीटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त दिसलं. ती औषधं पोटात गेली असती तर, या विचाराने अजून झोप उडते.

मेंदूच्या तळाशी एका धमनीला फुगा होता, तो फुटला. त्या धक्क्याने शरीरात ताणाच्या रसायनांचा, अ‍ॅड्रेनलिन, नॉरअ‍ॅड्रेनलिनचा लोंढा सुटतो आणि हृदयाचा स्नायू त्यात बधिर होतो. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचं टोक फुगलेलं, हलत नव्हतं. फक्त वरचा भाग आकुंचन पावत होता. हार्ट अटॅकमध्ये हृदयाची एखादी रक्तनळी तुंबते आणि तिच्या हद्दीतला भाग बिघडतो, पण एकाच नळीच्या हद्दीत बसेल असा हा बिघाड नव्हता. जपानी डॉक्टरांनी 1990 मध्ये याला ताकोत्सुबो म्हटलं. ताकोत्सुबो म्हणजे ऑक्टोपस पकडायचं मडकं, तोंड अरुंद आणि पोट गोल.

दुःखाने, भांडणानेही असं हृदय होतं हे तू वाचलंस, ते खरं आहे. पाळी गेलेल्या बायकांमध्ये जास्तच. पण आईचं आधी डोक्यात फुटलं, हृदय त्यानंतर दमलं. तुमचं भांडण चार दिवस आधीचं, आणि असा फुगा चार दिवसांत धरत नाही. बीपीची गोळी मात्र तिने दोन महिने सोडली होती. मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो, त्याचं मला फार लागतं.

फुगा आतून बंद करायला तारेची कॉइल घातल्यावरही चौथ्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत जीव टांगणीला होता. त्या काळात मेंदूच्या नळ्या आकसू शकतात. पलीकडे रक्त रेटायला दाब हवा, आणि रेटणारं हृदयच थकलेलं. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी इकोचा पडदा माझ्याकडे वळवला. पंपिंग 30 टक्क्यांवरून 55 वर आलं होतं. ते टोक परत आकसत होतं, सुटत होतं. मी तिथेच रडलो रे.

आता ती घरी आहे. निमोडिपिन, म्हणजे नळ्या आकसून मेंदूला होणारं नुकसान टाळायची गोळी, दर चार तासांनी, एकूण 21 दिवस. रात्री दोनचा अलार्म लावून मीच देतो. मान अजून अवघडते, उजेड सहन होत नाही. "निखिल बोलला का?" हे मात्र दिवसातून दहादा विचारते.

संध्याकाळी सहाच्या गोळीनंतर फोन कर. तेव्हा ती जागी असते.

तुझे,
बाबा