पतंगाची बातमी, पाकटाचे काय?

महोदय,

पावसाळ्यात ॲटलस पतंग दिसला की 'दुर्मिळ पतंग आढळला' अशी सचित्र बातमी हमखास येते. पतंग देखणा आहेच. पण कोणती जात किती धोक्यात आहे हे सांगणाऱ्या जागतिक लाल यादीसाठी त्याचे मूल्यांकनच अजून झालेले नाही. बहुतेक कीटकांचे तेच आहे. मग दुर्मिळ ठरवले कोणी?

कोकणातल्या मासळी बाजारात पडलेल्या पाकटाची मात्र बातमी होत नाही. पतंग संधिपाद संघातला, खवलेपंखी गणातला कीटक; पाकट पृष्ठवंशी, कूर्चामीन वर्गातला, म्हणजे शार्कचा भाऊबंद. पतंगाची मादी अंडी घालते शेकड्याने. पाकट उशिरा वयात येते आणि मोजक्याच पिल्लांना जन्म देते, त्यामुळे जाळ्यात गेलेल्यांची भरपाई होत नाही. शार्क-पाकटांच्या एक तृतीयांशाहून अधिक जाती आज धोक्यात आहेत. 1862 मध्ये जकार्ताच्या मासळी बाजारात मिळालेल्या एकाच नमुन्यावरून माहीत असलेली जावाची छोटी पाकट तर 2023 मध्ये नामशेष म्हणून जाहीर झाली. तिची दोन ओळींची बातमीही माझ्या वाचनात आली नाही.

पतंगाचा फोटो जरूर छापा. सोबत एखाद्या पाकटाचाही छापा, लाल यादीतल्या दर्जासकट.

– एक वाचक, रत्नागिरी