हात धुऊन चित्रं बघणाऱ्या सरांना

सर, नमस्कार.

हे सगळं व्हॉट्सॲपवर पाठवलं असतं तर तुम्ही जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकून मोकळे झाला असता. समोर येऊन बोलायला लागलो की तुम्ही विषय बदलता आणि चहा मागवता. म्हणून चारचौघांत लिहितोय. नाव घालत नाही, घातलं तर फोन करून झापाल. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

पोरीला अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात एम.एफ.ए.ला, म्हणजे कलेच्या पदव्युत्तर शिक्षणाला, प्रवेश मिळाला. फी पूर्ण माफ, आणि तिथल्या नव्या मुलांना ड्रॉइंग शिकवायचं, त्याबद्दल दरमहा विद्यावेतन. तुम्हाला हे माझ्या आधी कळलं, कारण तिनं पहिला फोन तुम्हाला केला. मला राग आला नाही. (थोडा आला.)

आम्ही बोर्ड रंगवणारी माणसं. दोरा मारून रेघ आखायची, खडूनं अक्षर बसवायचं आणि एनॅमलनं भरायचं. कोल्हापुरातल्या निम्म्या दुकानांवर माझं अक्षर होतं असं म्हटलं तर फार फुशारकी होणार नाही. मग डिजिटल बोर्ड आले. एका रात्रीत चौकात कुणाच्याही वाढदिवसाचा बोर्ड उभा राहायला लागला आणि आमचं दुकान आधी निम्मं आणि मग पूर्ण बंद झालं. आता लोकांची घरं रंगवतो. त्यामुळं पोरगी आर्ट कॉलेजला जाते म्हटल्यावर पाहुण्यांनी जे विचारायचं ते विचारलं, चित्रं काढून पोट भरतं का म्हणून. ज्या घरात बसून विचारत होते ते घर चित्रं आणि अक्षरं रंगवूनच बांधलेलं होतं, पण तेव्हा सुचलं नाही.

शाळेत चित्रकलेचा तास गणिताला जायचा. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली आणि दहावीच्या मार्कांत 7 वाढले, तेवढा एक आठवडा चित्रकला सगळ्यांना आवडली. मंडळांनी तिच्याकडून मोठमोठ्या रांगोळ्या काढून घेतल्या, शाल दिली, नारळ दिला आणि स्टेजवरून सांगितलं की पुढच्या शिक्षणाची काळजी करू नका. आम्ही केली नाही. त्यांनीही केली नाही. शाली मात्र घरात आहेत, थंडीत उपयोगी पडतात.

मग ते परदेशी शिक्षणाचं मार्गदर्शन केंद्र. काचेचं ऑफिस, गार हवा. तिथल्या साहेबानं चित्रांचा गठ्ठा एका हातानं चाळला, दुसऱ्या हातात फोन. चहा आला तेव्हा कप ठेवायला जागा नव्हती, म्हणून वरच्याच चित्रावर ठेवला. तो गोल डाग अजून आहे. फोटोवरून चौकोन पाडून काढलेले हिरोंचे चेहरे त्याला फार आवडले. ‘हुबेहूब!’ म्हणाला. असे आणखी काढ, बाकी पोर्टफोलिओ आम्ही पॅकेजमध्ये बनवून देतो. पॅकेजचा आकडा ऐकून आम्ही चहा न संपवता उठलो.

त्यानंतर तुमच्याकडं आलो. खरं सांगायचं तर फार आशेनं आलो नव्हतो. तुम्ही दारात कुंडीतली माती बदलत होता. पोरीनं गठ्ठा पुढं केला तर ‘थांब’ म्हणालात आणि आत गेलात. आतून नळाचा आवाज येत होता. बराच वेळ येत होता. बाहेर आलात ते पंच्याला हात पुसत. टेबलावरचा पेपर आणि चष्म्याचं घर उचलून बाजूला ठेवलंत, टेबल पुसलंत, बोटं कोरडी आहेत का बघितलंत आणि मग पहिलं चित्र दोन्ही हातांनी, कडेला धरून उचललंत.

सर, तुम्ही पुढं जे केलंत ते खूप आहे, पण माझ्या मनातनं जात नाही ते हे. रंगकाम करणारा माणूस हात धुतो तो काम संपल्यावर. आधी घासलेट आणि मग साबण. दुसऱ्याचं काम हातात घ्यायच्या आधी, आणि तेही आमच्यासारख्याच्या कॉलेजातल्या पोरीचं, कुणी असे हात धुतलेले मी बघितले नव्हते. तिनंही नव्हते. तोवर कुणालाही चित्र दाखवताना ती स्वतःच म्हणायची, ‘हे नीट जमलं नाही.’ त्या दिवशी म्हणाली नाही. तुम्ही एकेक चित्र बघत होता आणि ती सरळ उभी होती.

ते हुबेहूब चेहरे तुम्ही नावं न ठेवता एका बाजूला लावलेत आणि विचारलंत, ‘अजून काय आहे?’ तेव्हा पिशवीतनं आमच्या बंद दुकानाची उधारीची वही निघाली. पुढच्या पानांवर माझी येणी, जी आता कधी येणार नाहीत, आणि मागच्या पानांवर तिची चित्रं. गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला थांबलेली माणसं, म्हशी, सीपीआर दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत भिंतीला टेकलेल्या बायका, केएमटी बसच्या खिडकीत झोपलेला कंडक्टर. ‘हे पाठवायचं,’ म्हणालात. मी म्हटलं, सर, ही कच्ची आहेत. तुम्ही म्हणालात, ‘आपले चित्रकार आबालाल रंकाळा तळ्यावर जाऊन बसायचे, फोटो घेऊन घरी नाही. तिकडं निवड करणाऱ्यांनी फोटोवरून काढलेले चेहरे ढिगानं बघितलेत. ही पोरगी काय बघते ते त्यांना बघायचंय.’

वीस चित्रं गेली. हिरोचा चेहरा एकही नाही. चहाचा डाग पडलेलं चित्रही नाही, ते माझ्याकडंच आहे.

सोबतच्या निवेदनात तिनं पहिलंच वाक्य लिहिलं होतं, ‘कला हेच माझे जीवन आहे.’ तुम्ही ते खोडलंत आणि विचारलंत, म्हैस का काढलीस? ती म्हणाली, म्हैस एका जागी उभी राहते, माणसं हलतात, म्हणून आधी म्हैस काढून घ्यायची. तेच पहिलं वाक्य झालं. असले मास्तर मला मिळाले असते तर... असो.

पहिलं पत्र मोठ्या नावाच्या खासगी आर्ट स्कूलचं आलं. चित्रांच्या गुणवत्तेवर शिष्यवृत्ती, आकडा असा की डोळे फिरावेत. आम्ही पेढे आणायला निघालो होतो. तुम्ही कागद घेऊन बसवलंत. फी किती, शिष्यवृत्ती किती, राहणं-खाणं किती, उरतात किती, लिहा म्हणालात. उरत होते त्यात आमचं घर गेलं असतं. शिष्यवृत्ती केवढी आहे ते बघू नका, ती वजा करून काय उरतं ते बघा, आणि तिकडच्या बऱ्याच विद्यापीठांत 15 एप्रिलपर्यंत विचाराला वेळ देतात, तेव्हा घाबरून सही करू नका, म्हणालात. पेढे थांबले. पुढं सरकारी विद्यापीठाचं हे दुसरं पत्र आलं.

आणि समजा ते आलं नसतं तरी तुम्ही सोय करून ठेवली होती. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची 18 ते 25 वयाच्या तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती असते, महिना 5000 रुपये, दोन वर्षं. तो अर्ज तुम्हीच आठवणीनं काढायला लावलात. इतकी वर्षं रंगाच्या धंद्यात काढली, आमच्यापैकी एकाच्याही कानावर ती आली नव्हती.

स्टेजवर उभं राहिलं की आपल्याकडं प्रत्येकाला कोल्हापूर म्हणजे कलापूर हे आठवतं. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, भाषणात नावं सगळी येतात. जे.जे.मध्ये शिकून आलेल्या आबालालना शाहू महाराजांनी आश्रय दिला हेही सांगतात. आनंदराव पेंटर आणि बाबूराव नाटकांचे पडदे रंगवायचे, म्हणजे आमच्याच पेशातली माणसं, हे जरा कमी सांगतात. महाराजांएवढं करायला कुणी सांगत नाही हो. पण समोर ठेवलेल्या कागदावर कप ठेवू नये, एवढं तर जमेल? सभ्यपणाला पैसे पडत नाहीत. तुमच्याकडं फक्त पाणी लागलं.

तिची आई म्हणते, सरांना काय द्यायचं? फीचा विषय काढला तेव्हा तुम्ही कुंडीकडं वळलात. पाकीट दिलं तर परत कराल. मिठाई तुम्हाला चालत नाही. तुमच्या दारावरच्या नावाच्या पाटीचे पोपडे उडालेत आणि आडनावातला शेवटचा काना दिसेनासा झालाय, हे पहिल्याच दिवशी माझ्या नजरेत आलं होतं. येत्या रविवारी सकाळी ब्रश घेऊन येतोय. जुना रंग खरवडून, प्रायमर मारून, हातानं. नाही म्हणू नका. अक्षर सरळ हवं की वळणाचं, आणि रंग कुठला, तेवढं शनिवारपर्यंत कळवा. नाही कळवलंत तर पिवळ्यावर लाल करून टाकीन.

तुमचा,
बोर्डवाला