सूचना : उस्ताद झाकीर हुसेन यांना तबल्यातून आदरांजली

माहीमला जन्मलेले आपले झाकीरभाई १५ डिसेंबर २०२४ ला सॅन फ्रान्सिस्कोत आपल्याला सोडून गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत एका रात्रीत तीन ग्रॅमी पुरस्कार घेतलेला हा माणूस! मन अजून मानत नाही.

रविवारी संध्याकाळी सहाला सामूहिक वादन आहे. तबला काळी एकचाच (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा) आणावा. सभागृहात एसी आहे. कोरड्या हवेत पुडी (तबल्यावरचं चामडं) ताणते, सूर चढतो. म्हणून साडेपाचला येऊन तबला गवसणीतून (कापडी खोळीतून) काढून ठेवा. सुरातला मोठा फरक गठ्ठ्यांवर (बाजूच्या लाकडी ठोकळ्यांवर), बारीक फरक गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या कडेवर) हातोडीने काढावा. समोरासमोरची घरे (गजऱ्याचे एकेक भाग) जुळवत जावीत. शाईवर (पुडीच्या मधल्या काळ्या गोलावर) पावडर सांडू देऊ नका.

तीनतालचा ठेका, मग एकच कायदा (ठरावीक बोलांचा विस्तार करायची रचना), मध्यलयीत. लय कुणीही पळवू नये. टाळ्या नकोत.