खोलीतले जंगल पडद्यावर उगवलेच नाही

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत बालचित्रपटांवर आलेल्या लेखात मॉरिस सेंडाक यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या चित्रपुस्तकावरून स्पाइक जोन्झ यांनी केलेल्या २००९ च्या चित्रपटाचा उल्लेख आहे. पुस्तक फारच छोटे असल्याने पटकथेत भर घालणे दिग्दर्शकाला भागच होते, असे लेखकाचे म्हणणे आहे. भर घालावी लागली असेल. पण ती घालताना पुस्तकातली सर्वांत मोलाची गोष्टच वगळली गेली, हे मात्र लेखात कुठेही आलेले नाही.

१९६३ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकातला मजकूर साडेतीनशे शब्दांच्या आतच संपतो. लांडग्याचा वेश चढवून घरभर धिंगाणा घालणाऱ्या मॅक्सला आई उपाशीच झोपायला पाठवते आणि त्या रात्री त्याच्या खोलीतच जंगल उगवू लागते. पलंगाचे खांब झाडांचे बुंधे होतात, छतावरून वेली लोंबू लागतात, भिंती दिसेनाशा होतात. मग मॅक्स होडीतून राक्षसांच्या मुलखात पोहोचतो आणि त्यांचा राजा होतो. चित्रही सोबत वाढते. सुरुवातीला भोवती भरपूर पांढरा समास सोडून बसलेले लहानसे चित्र पानागणिक मोठे होत जाते, पुढे ते शेजारच्या पानावर सरकते, आणि राक्षसांचा दंगा सुरू झाला की सलग तीन वेळा दोन्ही पाने व्यापून टाकते. मजकुराला तिथे जागाच नसते. वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसाने इथे गप्प बसायचे असते, आणि मुले नेमकी याच पानांवर सर्वांत जास्त बोलतात. शेवटच्या पानावर मात्र चित्र नाही. आईने खोलीत आणून ठेवलेले जेवण अजून गरम असल्याचे तेवढे कळते.

म्हणजे मॅक्सचा सगळा प्रवास शिक्षा म्हणून मिळालेल्या चार भिंतींच्या आत होतो. आईवरचा राग तो एकट्याने, कोणी समजूत न घालता, स्वतःच निस्तरतो; आई तर एकाही चित्रात दिसत नाही. चित्रपटातला मॅक्स आईला चावतो, दार उघडून रात्रीच्या रस्त्यावर पळत सुटतो आणि पाण्याच्या काठाला त्याला होडी सापडते. एवढ्या एका बदलाने ही घर सोडून पळालेल्या मुलाची गोष्ट होते. प्रेक्षकाला आता घरी काळजी करणाऱ्या आईचा विसर पडू शकत नाही, आणि मुलाचे राज्य मोठ्यांच्या चिंतेच्या सावलीत जाते. त्यातच वेगळे झालेले आईवडील, दुर्लक्ष करणारी बहीण, सूर्य एक दिवस विझणार असे वर्गात सांगणारे शिक्षक अशी कारणांवर कारणे येतात. पुस्तकातल्या मॅक्सला खोड्या काढायला कसलेही कारण लागत नव्हते, आणि कोणत्याही घरातल्या मुलाला तो आपला वाटतो तो त्यामुळेच.

चित्रपट वाईट आहे, असे मी म्हणत नाही. बहिणीचे मित्र मॅक्सने खपून केलेले बर्फाचे घर उड्या मारून चिरडतात, तेव्हा हसता हसता एकदम रडू फुटलेल्या त्या मुलाचा चेहरा फार खरा आहे. बाहुलीकार जिम हेन्सन यांनी स्थापलेल्या कार्यशाळेत घडवलेले राक्षसांचे अवजड पोशाखही अप्रतिम आहेत. स्वतः सेंडाक चित्रपटाच्या निर्मात्यांपैकी एक होते आणि त्यांनी जोन्झ यांची उघड पाठराखण केली होती. त्यामुळे मूळ लेखकावर अन्याय झाला, ही नेहमीची तक्रार इथे लागू पडत नाही. अडचण लांबीची आहे. तासाभराहून अधिक काळ पडदा भरायचा म्हटला की मौनाच्या जागी खुलासे येतात, आणि पुस्तकात नाव नसलेल्या राक्षसांना नावे, रुसवेफुगवे व भूतकाळ चिकटतो. आपल्याकडे ‘चिंटू’वर २०१२ मध्ये चित्रपट आला, तेव्हाही काही चौकटींत संपणारी गंमत ताणण्याचाच पेच होता.

याच पुस्तकावर अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक जीन डाइच यांनी सत्तरच्या दशकात काही मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट केला होता. त्यात कथा वाढवावी लागली नाही, कारण पान उलटायला लागतो तेवढाच वेळ त्याने मागितला. चित्रपुस्तकावर पूर्ण लांबीचाच चित्रपट का व्हावा, हा प्रश्न आपल्या लेखात यायला हवा होता. पुरवणीत अशा लघुपटांविषयीही एखादा लेख द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, सांगली