दोन फॉर्म १६ जोडले की कर शून्य: विवरणपत्राच्या सॉफ्टवेअरबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: दोन अर्धवेळ नोकऱ्या असणाऱ्यांच्या विवरणपत्रात प्रमाणित वजावट दोनदा धरली जाते

महोदय,

आमचे चिपळूण येथील कर सल्लागार कार्यालय आपल्या सॉफ्टवेअरचे वार्षिक वर्गणीदार आहे. चिपळूण, खेड, गुहागर भागात सकाळची ओपीडी एका रुग्णालयात आणि संध्याकाळची दुसऱ्या, दोन्हीकडे पगारावर, असे बरेच डॉक्टर आहेत. त्यांची विवरणपत्रे आपले सॉफ्टवेअर चुकीची बनवते, आणि तेही कसलीच सूचना न देता.

आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी करप्रणाली घ्या. एकीकडे पगार ७,००,०००, दुसरीकडे ६,५०,०००. प्रत्येक मालक आपल्यापुरता हिशेब करतो: ७५,००० प्रमाणित वजावट (पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम), उरलेल्यावर स्लॅबप्रमाणे कर, मग कलम ८७ए ची सवलत. टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापला जाणारा कर, दोन्हीकडे शून्य. यात मालकांचे चुकत नाही. डॉक्टरांनी कलम १९२(२) खाली फॉर्म १२बी देऊन दुसरा पगार कळवला नसेल, तर त्यांना तो कळणार कुठून?

चूक पुढे होते. आपले सॉफ्टवेअर दोन्ही फॉर्म १६ (मालकाने दिलेला पगार व टीडीएसचा दाखला) मधला वजावटीनंतरचा आकडा उचलते आणि ६,२५,००० व ५,७५,००० मिळवून १२,००,००० धरते. नेमके तिथपर्यंतच्या उत्पन्नाला पूर्ण सवलत असल्याने कर शून्य दिसतो. पण नोकऱ्या कितीही असोत, ही वजावट वर्षाला एकदाच मिळते. १३,५०,००० मधून ७५,००० गेले की १२,७५,००० उरतात. त्यावर ४ ते ८ लाखांचे २०,०००, ८ ते १२ लाखांचे ४०,००० आणि वरच्या ७५,००० वर १५ टक्क्यांनी ११,२५०, म्हणजे एकूण ७१,२५०. उत्पन्न १२ लाखांपुढे गेल्याने सवलत नाही. सीमांत दिलासाही (मर्यादेहून थोडेच वर गेलेल्यांचा कर त्या वरच्या रकमेपुरता ठेवणारी सूट) नाही, कारण १२ लाखांवरची रक्कम कराहून जास्त आहे. ४ टक्के उपकर धरून देय कर ७४,१०० रुपये.

देणे १०,००० च्या वर असल्याने वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी आगाऊ कर भरायला हवा होता. जुलैमध्ये भरणाऱ्याला आगाऊ कर न भरल्याबद्दल कलम २३४बी खाली ४ महिन्यांचे २,९६४ आणि हप्ते चुकल्याबद्दल २३४सी खाली चार हप्त्यांचे ३,७३८, असे ६,७०२ रुपये व्याज लागते. सॉफ्टवेअर कर शून्य मानत असल्याने हे व्याजही दाखवत नाही. मालकांनी कळवलेले दोन्ही पगार मात्र एआयएसमध्ये (आयकर खात्याकडील वार्षिक माहिती विवरणात) पूर्ण येतात, त्यामुळे तफावतीची नोटीस डॉक्टरांच्या नावे निघते.

आपल्या मदत कक्षाने लेखी उत्तर दिले की "टीडीएस कापला नाही म्हणजे कर लागत नाही". हे वाक्य आधी मागे घ्या. टीडीएस ही वसुलीची पद्धत आहे. कर ठरतो तो एकूण उत्पन्नावर.

दुसरा दोष फॉर्म १६ए चा, म्हणजे पगाराखेरीज रकमांवरच्या टीडीएसच्या दाखल्याचा. काही रुग्णालये पगार न देता फी देतात आणि कलम १९४जे खाली १० टक्के कापतात. सॉफ्टवेअर तीही रक्कम पगारात ढकलून आयटीआर-१ (पगारदारांसाठीचा साधा विवरणपत्राचा फॉर्म) उघडते. फी हे व्यवसायाचे उत्पन्न. तिला प्रमाणित वजावट नाही, आणि तिथे आयटीआर-३ किंवा, कलम ४४एडीए (फीचा ठरावीक भाग नफा धरण्याची सोय) घेतल्यास, आयटीआर-४ लागतो.

आमच्या मागण्या: बेरीज ढोबळ पगाराची व्हावी आणि वजावट त्यातून एकदाच जावी. दोन मालकांचे टॅन (कर कापणाऱ्याचा खाते क्रमांक) दिसताच आगाऊ कराची सूचना पडद्यावर यावी. ज्यांची विवरणपत्रे या चुकीसह दाखल झाली, त्या सर्व ग्राहकांना कंपनीने स्वतःहून कळवावे, म्हणजे त्यांना कलम १३९(५) खाली सुधारित विवरणपत्र वेळेत भरता येईल. दर महिन्याला त्यांचे १ टक्का व्याज वाढते आहे. सुधारित विवरणपत्रासाठी आपण वेगळे शुल्क आकारता, ते या प्रकरणांत आकारू नये.

सोबत दोन्ही फॉर्म १६ च्या नावे झाकलेल्या प्रती, सॉफ्टवेअरने काढलेला हिशेब आणि आमचा हिशेब जोडला आहे. दुरुस्ती कोणत्या तारखेला होईल ते लेखी कळवावे. तोवर दोन मालक असलेली विवरणपत्रे आम्ही आयकर खात्याच्या पोर्टलवरूनच भरत आहोत, त्या काळाची वर्गणी परत मिळावी.

आपले,
कर सल्लागार कार्यालय, चिपळूण, जि. रत्नागिरी