म्हातारपणीचा टाइप वन मधुमेह

संपादक महोदय,

टाइप वन मधुमेह (यात शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही, ते बाहेरून घ्यावं लागतं) म्हणजे लहान मुलांचा आजार, हा समज आता सोडायला हवा. इन्सुलिनवर पन्नास वर्षं काढलेली माणसं आज आपल्यात आहेत. रक्तातली साखर ७० मिग्रॅ/डेलिच्या खाली गेली की पूर्वी हात थरथरायचे, दरदरून घाम फुटायचा. वर्षानुवर्षांनी हे इशारेच बोथट होतात. त्यात मूत्रपिंडं मंदावली तर इन्सुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळतं आणि नेहमीचाच डोस पहाटे साखर फार उतरवून दगा देतो.

एकट्या राहणाऱ्यांना इथे रुग्णांचा गट कामी येतो. दोघादोघांच्या जोड्या लावाव्यात, सकाळी ठरल्या वेळी फोन करावा. उचलला नाही तर किल्ली असलेल्या शेजाऱ्याला लगेच पाठवावं. माणूस शुद्धीत असून गिळू शकत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये (नेमकी हीच चूक सर्रास होते). घरात ग्लुकागॉन (साखर झटकन वाढवणारं औषध) असल्यास ते द्यावं, रुग्णवाहिका बोलवावी.

आणखी एक. रुग्णालयात 'जेवण बंद, म्हणून इन्सुलिनही बंद' असं झालं तर काही तासांत रक्तात कीटोन (घातक ठरू शकणारी आम्लं) साचतात. म्हणून 'टाइप वन आहे, बेसल इन्सुलिन थांबवू नये' (बेसल म्हणजे न जेवताही लागणारं, संथपणे काम करणारं इन्सुलिन) अशी चिठ्ठी प्रत्येकाच्या पाकिटात हवी. ती तिथे आहे का, हेही गटातल्या फोन करणाऱ्या जोडीदारानेच अधूनमधून विचारावं.

– एक वाचक